गंजलेल्या चार पट्ट्या

मालोजीराव शितोळे चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटी विभागाचे साहेब म्हणून निवृत्त झाले. रीतसर निरोपसमारंभ झाला, घड्याळ मिळालं, फोटो निघाला. पण आपण निवृत्त झालो आहोत ही गोष्ट त्यांना कोणी नीट समजावून सांगितली नसावी. घरी आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली. मग कोणता डबा कुठे ठेवायचा हे कळावं म्हणून मांडणीवर पिवळ्या चिकटपट्ट्या ओढल्या. त्यांच्या बायकोने, जयमालाबाईंनी, तेही सोसलं. पण एके दिवशी फोडणी करताना त्यांनी मोहरीचा डबा पिवळ्या पट्टीबाहेर ठेवला आणि मागे उभे असलेले मालोजीराव "असं का झालं? आणि ते तसं का झालं?" असं मुळाशी जाण्यासाठी विचारू लागले, तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "कोणाचं तरी भलं करा तुम्ही. पण घराबाहेर करा."

अशी इच्छा बोलून दाखवताना माणसाने आजूबाजूला बघावं. कारण तळमजल्यावरच्या अन्वरभाईंची मुलगी इरम नेमकी त्याच वेळी दारात उभी होती.

अन्वरभाईंचं पिंपरीत स्पेअर पार्टचं दुकान. इरम चिंचवडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. तळेगावला विद्यार्थ्यांची विज्ञान परिषद भरणार होती. तिथे पोस्टर लावायचं, परीक्षकांपुढे छोटं भाषण करायचं, आणि ज्यांचं काम चांगलं ठरेल अशा मोजक्या मुलांना उन्हाळ्यात पुण्याच्या एका नामांकित प्रयोगशाळेत काम करायला मिळणार. इरमच्या मोबाईलवर त्या प्रयोगशाळेच्या फाटकाचा फोटो होता. बाकीच्या मुली हिरोंचे फोटो ठेवतात. हिने फाटकाचा ठेवला होता, तेही बंद फाटकाचा. एवढ्यावरून काय ते समजावं.

आता कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलीत एक रकाना होता : 'उद्योगक्षेत्राचा सहभाग'. तो कित्येक वर्षं कोरा होता. तो भरला नाही तर प्राचार्य परिषदेच्या अर्जावर सही करणार नव्हते. म्हणून इरमच्या मार्गदर्शक निशिगंधा मॅडमनी तिला सांगितलं होतं, "तुमच्या ओळखीचं कोणी इंडस्ट्रीतलं असेल तर बघ गं. फार काही करायचं नाही त्यांनी. एक फोटो आणि एक सही."

"काका, एक फोटो आणि एक सही हवी होती," इरम दारातून म्हणाली.

मालोजीरावांनी चष्मा पुसला. "आधी आत ये," ते म्हणाले, "आणि सुरुवातीपासून सांग. विषय काय, आणि डिलिव्हरी कधी?"

विषय होता कांद्याच्या साली. चाकणच्या कांदा बाजारात सालींचे ढीग पडतात, ते कोणी फुकटही नेत नाही. त्या साली पाण्यात उकळून जो लालसर अर्क निघतो तो खाऱ्या पाण्यात मिसळला तर लोखंड कमी गंजतं का, हे इरम आणि तिचा जोडीदार समर्थ बघत होते. समर्थ मूळचा बीडकडचा. वडील चाकणला कंपनीत, राहायला कुरुळीला. साली आणायचं काम त्याच्याकडे. तो मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पोती बांधून यायचा आणि सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना फुललेल्या मोरासारखा दिसायचा.

खरं तर हे सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हायचं. पण तिथला गॅस संपला होता, नव्या सिलिंडरची मागणी लेखा विभागाकडे गेली होती, आणि लेखा विभागाने 'कांद्याच्या साली' या शब्दांवर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला होता. मालोजीरावांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. साली त्यांच्या घरी उकळायच्या. लोखंडी पट्ट्या अन्वरभाई दुकानातून देतील. अर्काच्या बरण्या आणि पट्ट्या गॅलरीत राहतील, पिवळ्या पट्टीच्या आत.

"मी बाहेर म्हटलं होतं," जयमालाबाई म्हणाल्या.

"गॅलरी बाहेरच आहे," मालोजीराव म्हणाले.

पहिल्याच दिवशी इमारतीला असा काही वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या सुमनताई खाली उतरल्या. त्या दिवशी एकादशी होती.

"शितोळे, काय शिजवताय? मी आज पाण्यावर आहे आणि माझ्या देव्हाऱ्यापर्यंत कांदा आलाय!"

"संशोधन आहे, सुमनताई."

"द्वादशीला करा की संशोधन! कांदा काय पळून चाललाय?" एवढं बोलून त्या दाराशी टेकल्या, सगळं विचारून घेतलं, आणि जाताना सल्ला देऊन गेल्या की परीक्षकांपुढे मुलीने इंग्रजीत बोलावं, मधूनमधून 'बेसिकली' म्हणावं, त्यांच्या भाच्याला तेवढ्यावर हिंजवडीत नोकरी लागली होती. सोसायटीचे चेअरमन ज्योतीराम यांनी जिन्यातच दुसरा सल्ला दिला : पोस्टरवर कांद्याला डोळे आणि हसरं तोंड काढा, लोकांना आपुलकी वाटते. समर्थने तो लिहून घेतला. समर्थ सगळंच लिहून घ्यायचा.

काम मात्र झकास चाललं. साध्या खाऱ्या पाण्यातल्या पट्ट्या तांबूस होऊन फुगल्या, आणि अर्कातल्या पट्ट्या बऱ्यापैकी चकचकीत राहिल्या. मालोजीराव रोज सकाळी गॅलरीत उभे राहून त्यांच्याकडे अशा नजरेने बघायचे, जशी माणसं गुलाबाच्या कुंडीकडे बघतात.

आणि मग त्या चार पट्ट्या निघाल्या.

झालं असं की मध्ये मतदार यादीचं काम आलं आणि निशिगंधा मॅडम घरोघर हिंडायच्या ड्युटीवर गेल्या. काम थोडं थांबलं. उकळून ठेवलेला अर्क गॅलरीत तसाच पडून राहिला, त्यावर साय आली, आंबूस वास सुटला. समर्थने, वाया कशाला घालवायचा म्हणून, त्याच शिळ्या अर्कात चार पट्ट्या बुडवल्या. काही दिवसांनी काढल्या तर त्या साध्या खाऱ्या पाण्यातल्या पट्ट्यांपेक्षाही जास्त गंजलेल्या! बोट लावलं की पापुद्रा हातात.

इरम ते बघून अक्षरशः उडी मारून उठली. "काका! काका, बघा ना! उलटंच झालं!"

"हं," मालोजीरावांचा चेहरा उतरला. "चार पीस रिजेक्ट."

"रिजेक्ट काय काका! हेच तर खरं! ताजा अर्क गंज थांबवतो आणि शिळा गंज वाढवतो. म्हणजे आंबल्यावर त्यात काहीतरी वेगळं होतंय. मॅडमना फोन केला मी, त्या म्हणाल्या, पोस्टरच्या मधोमध टाक हे."

मालोजीरावांनी मायेने तिच्याकडे पाहिलं. पोर हुशार होती, पण कंपनी बघितलेली नव्हती.

"बाळा, घरातली भांडणं पाहुण्यांपुढे काढतं का कोणी? परीक्षक म्हणजे ऑडिटर. त्याला आपण काय दाखवायचं? चांगलं. तो काय शोधतो? वाईट. मग आपणच ताटात वाढून द्यायचं?"

"पण परीक्षक ऑडिटर नसतात, काका."

"बाहेरून येतो, गळ्यात कार्ड असतं, हातात फाईल असते, जेवणाआधी प्रश्न विचारतो. मग कोण असतो?"

वर्णन हुबेहूब जुळत होतं. "मॅडमशी बोला तुम्ही," ती म्हणाली.

"बोलतो," मालोजीराव म्हणाले. आणि बोलले नाहीत.

इथे मालोजीरावांची बाजू सांगायला हवी. तो माणूस लबाड नव्हता. उभ्या नोकरीत त्याने एक खराब नट गिऱ्हाईकाकडे जाऊ दिला नव्हता. पण ऑडिट ही वेगळी गोष्ट. ऑडिटच्या आदल्या दिवशी कारखान्यात जमिनीला रंग द्यायचा, कुंड्या भाड्याने आणायच्या, क्वालिटीचं धोरण कामगारांकडून घोकून घ्यायचं, आणि साठलेला रिजेक्ट माल टेम्पोत भरून टेम्पो बाहेर काढायचा. ऑडिटर आत असेपर्यंत तो टेम्पो चाकणच्या रस्त्यांवर गोल गोल फिरत राहायचा; थांबायचा नाही, कारण थांबला की कोणीतरी विचारतं, यात काय आहे? हे पाप आहे असं कोणाला वाटत नसे. दिवाळीला पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलतात, तसंच हे. मालोजीरावांनी असे किती टेम्पो फिरवले असतील, आणि प्रत्येक वेळी ऑडिटर खूश होऊन, पेढे खाऊन गेला होता.

तेव्हा पोस्टर छापायला देताना मालोजीरावांनी फाईल उघडून घेतली, मधला चौकोन काढायला लावला आणि त्या जागी कांद्याचा फोटो मोठा केला. निष्कर्षात 'काही नमुन्यांत' होतं, तिथे 'सर्व नमुन्यांत' केलं. चारी बाजूंनी पिवळ्याकाळ्या तिरक्या पट्ट्यांची किनार दिली, कारण तिच्यामुळे कागदाला शिस्त येते.

दरम्यान दिवाणखान्यात भाषणांची तालीम चालली होती. मालोजीराव ऑडिटर व्हायचे, सोफ्यावर पाय टाकून बसायचे आणि आवाज बदलून प्रश्न विचारायचे.

"विचारलं तेवढंच सांगायचं," ते बजावत. "हो किंवा नाही. 'कदाचित' हा शब्द या घरात नको. काही चुकलं का असं विचारलं तर काय म्हणायचं, समर्थ?"

"'तशी कोणतीही बाब निदर्शनास आलेली नाही, सर!'" समर्थ ताठ उभा राहून म्हणे.

"शाब्बास. आणि अडचणीचा प्रश्न आला तर?"

"तुमच्याकडं बघायचं सर. तुम्ही चष्मा पुसायलात म्हंजी गप बसायचं."

"बाई गं," आतून जयमालाबाईंचा आवाज आला. "लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, यांना डोळ्यांचाच त्रास आहे."

परिषदेच्या दिवशी अन्वरभाईंनी दुकानाची व्हॅन काढली. पट्ट्यांचे खोके, पोस्टरची गुंडाळी, दोन पोरं आणि मालोजीराव. मालोजीरावांच्या अंगात निरोपसमारंभाचा कोट होता. तळेगावच्या कॉलेजच्या फाटकाशी उतरताना त्यांनी खोकी मोजून घेतली आणि एक गुपचूप सीटखाली सरकवलं. मुलं पुढे गेल्यावर ते खिडकीशी वाकले.

"अन्वरभाई, गाडी इथे लावू नका. जरा फिरत राहा. चाकण रोडने जा, परत या. मी फोन करेपर्यंत थांबू मात्र नका."

"का हो, मालोजीभाऊ? पार्किंग तर मोकळं दिसतंय."

"तशी पद्धत असते."

अन्वरभाईंना वाटलं, शिकलेल्या लोकांत असेल बुवा. त्यांनी गियर टाकला.

मंडपात इरमने पोस्टर उलगडलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. मधोमध, जिथे तिच्या चार पट्ट्या असायला हव्या होत्या, तिथे पाटाएवढा कांदा होता. ज्योतीरामांच्या सल्ल्याप्रमाणे तो हसत होता.

"काका, माझा मधला भाग?"

"जागा कमी पडली," मालोजीराव म्हणाले. वाक्य तोंडातून गेलं आणि त्या कांद्याकडे बघून त्यांना स्वतःलाच ते फारसं पटलं नाही.

"आणि त्या पट्ट्यांचं खोकं?"

"सुरक्षित आहे. गाडीत."

इरम टाचण्या काढून पोस्टर लावू लागली. तिचे कान लाल झाले होते. मालोजीरावांनी नजर वळवून शेजारच्या पोस्टरची किनार सरळ आहे का ते तपासलं.

परीक्षक आल्या त्या विजयश्री मॅडम म्हणून. वय झालेल्या बाई, सुती साडी, पायात पळायचे बूट, आणि गळ्यात कार्ड. कार्ड पाहून मालोजीरावांना धीर आला. त्यांनी परीक्षकांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून, मुलांना दिसेल अशी जागा घेतली.

समर्थने सुरुवात केली. "सुप्रभात. प्रथम सुरक्षेविषयी. या मंडपाला आपत्कालीन दरवाजे डावीकडे आणि उजवीकडे आहेत. आग लागल्यास धावू नये, ओळीने बाहेर पडावे, आणि समोरच्या आंब्याच्या झाडाखाली जमावे."

विजयश्री मॅडमनी वळून आंब्याच्या झाडाकडे पाहिलं. आजूबाजूची दोनतीन मुलं दरवाजाकडे सरकली.

मग इरम बोलली आणि चांगलं बोलली. साली कुठून आणल्या, किती उकळल्या, पट्ट्या कशा घासल्या. विजयश्री मॅडम मान डोलावत होत्या, एक पट्टी हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत होत्या. शेवटी त्यांनी अगदी सहज विचारलं,

"हा अर्क टिकतो किती? आमच्याकडे एकदा संत्र्याच्या सालीचा केला होता, तो चार दिवसांत आंबला. तुमचा आंबला नाही?"

इरमने तोंड उघडलं. मालोजीरावांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

समर्थने इशारा पाहिला, पण घाईत त्याला आधीचं पाठांतर आठवलं. "तशी कोणतीही बाब निदर्शनास आलेली नाही, सर!"

"मॅडम," विजयश्री मॅडम म्हणाल्या.

"नाही, मॅडम, सर!"

मालोजीराव अधिक जोरात पुसू लागले. विजयश्री मॅडमनी मुलांच्या नजरा कुठे जातायत ते पाहिलं आणि त्या गर्रकन वळल्या. मागे कोट घातलेला एक गृहस्थ, भुवया उंचावून, ओठ दाबून, चष्म्याची काच रुमालाने अशी घासत होता की जणू तिच्यातून काहीतरी निघायचं बाकी आहे.

"आपण?"

"मी... उद्योगक्षेत्राचा सहभाग," मालोजीराव म्हणाले.

तेवढ्यात इरम बोलली. तिचा आवाज पातळ होता, पण स्पष्ट होता. "मॅडम, अर्क आंबला होता. त्यातल्या चार पट्ट्या जास्त गंजल्या. साध्या पाण्यापेक्षाही जास्त."

"असं?" विजयश्री मॅडमचे डोळे चमकले. "मग पोस्टरवर कुठे आहे ते? इथे तर 'सर्व नमुन्यांत' लिहिलंय."

"ते... काढलं."

"कोणी काढलं?"

हा प्रश्न सोपा होता. त्याचं उत्तर फक्त एकाच माणसाने द्यायचं होतं आणि तो माणूस चार पावलांवर उभा होता. मालोजीरावांनी तोंड उघडलं. जन्मभर लोकांना 'का झालं' विचारणाऱ्या माणसाला 'कोणी केलं' याचं उत्तर मात्र सापडेना. ते शोधत असतानाच इरम म्हणाली,

"आम्ही काढलं, मॅडम. पोस्टरवर नाव माझं आहे."

मालोजीरावांनी तोंड मिटलं. ते मिटताना झालेला बारीकसा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

"पट्ट्या तरी आहेत का?" विजयश्री मॅडमनी विचारलं.

"गाडीत आहेत," इरम म्हणाली आणि वडिलांना फोन लावला. मंडपात गोंगाट होता म्हणून तिने स्पीकर चालू केला. नको तेव्हा नेमका गोंगाट थांबतो, तसा तो थांबला.

"अब्बू, पट्ट्यांचं खोकं घेऊन या ना आत."

"आत कुठून येऊ, बेटा? मी चाकण रोडला अडकलोय! पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला ट्रॅक्टर! मालोजीभाऊंनीच सांगितलं ना, गंजलेलं खोकं गाडीत ठेवा आणि परीक्षक जाईपर्यंत फिरत राहा. सकाळपासून फिरतोय मी! विचार त्यांना, अजून किती फेऱ्या आहेत?"

'गंजलेलं खोकं' किंवा 'परीक्षक जाईपर्यंत' असं मालोजीराव कधीच म्हणाले नव्हते. अन्वरभाईंना सीटखाली खोकं दिसलं होतं, त्यांनी रस्त्यात बसून विचार केला होता आणि तिथवर ते स्वतःच पोचले होते. गर्दीत अडकलेला माणूस बऱ्याच निष्कर्षांना पोचतो.

शेजारच्या पोस्टरवरची मुलं आपापल्या पोस्टरकडे फार लक्ष देऊन बघू लागली. विजयश्री मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, इरमला म्हणाल्या, "मला बघायला आवडलं असतं," आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या.

अन्वरभाई आले तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. इरमने खोकं घेतलं, चारही पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगू लागली. परीक्षण संपलं होतं. निशिगंधा मॅडम ड्युटीवरून धावतपळत पोचल्या, पोस्टरकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं, मालोजीरावांकडे पाहिलं. त्यांनी फक्त फाईलसाठी लागणारा तो एक फोटो काढून घेतला.

समारोपाला निवडलेल्या मुलांची नावं वाचली. इरमचं नाव नव्हतं. ती टाळ्या वाजवत होती; प्रत्येक नावाला, नीट, तळव्यावर तळवा मारून. मालोजीराव तिच्या शेजारी बसले होते. उठून घरी जावं असं त्यांना वाटत होतं, पण व्हॅन अन्वरभाईंची होती.

आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम सत्काराशिवाय संपत नाही. आणि आयोजकांकडे एक शाल उरली होती. व्यासपीठावरून निवेदक म्हणाला, "आता एक विशेष सत्कार! आज आपल्यात उद्योगक्षेत्रातले ज्येष्ठ मार्गदर्शक उपस्थित आहेत, जे विद्यार्थ्यांसाठी सकाळपासून उभे आहेत. श्रीयुत मालोजीराव शितोळे! शाल आणि श्रीफळ देतील आदरणीय विजयश्री मॅडम."

मालोजीराव जागचे हलले नाहीत. दोन स्वयंसेवक आले आणि वयस्कर माणसाला जसं बसमधून उतरवतात तसं त्यांना काखेत हात घालून वर घेऊन गेले. विजयश्री मॅडमनी शाल त्यांच्या अंगावर घातली. नारळ दिला. त्यांच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही, आणि तेच भयंकर होतं. निवेदकाने माईक पुढे केला. "सरांनी दोन शब्द बोलावेत."

मालोजीरावांनी ठरवलं, बोलायचं. आत्ता, इथे, सगळ्यांपुढे. त्यांनी माईक घट्ट धरला.

"मी या सत्काराला पात्र नाही," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या.

"नाही, ऐका. आज आमच्या सादरीकरणात काही त्रुटी राहून गेल्या. काही निरीक्षणं नोंदवायची राहिली. माहिती पोचण्यात अंतर पडलं. त्याची पूर्ण जबाबदारी..." इथे आवाज चिरकला, "...जबाबदारी मार्गदर्शनाची आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत कोणीतरी शिट्टी वाजवली. निवेदकाने भारावून माईक काढून घेतला. "पाहिलंत, विद्यार्थी मित्रांनो? याला म्हणतात विनय!"

मालोजीराव नारळ घेऊन परत खुर्चीवर आले. अंगावरची शाल टोचत होती.

"इरम," ते हळूच म्हणाले, "मी सांगितलं, ऐकलंस ना? सगळ्यांपुढे सांगितलं."

इरमने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोपं होतं.

"काका, तुम्ही 'निरीक्षणं राहिली' म्हणालात. ती राहिली नाहीत. तुम्ही काढली."

पलीकडून समर्थ खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

मालोजीराव बसून राहिले. आपण खरं बोलायला उठलो आणि तोंडातून ऑडिटच्या अहवालाची भाषा निघाली, हे त्यांना आत्ता कळलं. इतकी वर्षं सगळे टेम्पो जसे फिरवले तशीच वाक्यंही फिरवत आलो. कुठे थांबायची नाहीत, कोणाच्या दारात उभी राहायची नाहीत. ते एकदम उठले. शाल सावरत, हातात नारळ, ते दोन रांगांमधून व्यासपीठाकडे निघाले. निम्म्या वाटेत पोचले आणि निवेदक म्हणाला,

"सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभे राहावे."

सगळे उभे राहिले. मालोजीरावही जिथे होते तिथे, वाटेच्या मधोमध, एकटेच, सावधान उभे राहिले. हात बाजूला सरळ ठेवायचे, तर नारळाचं काय करायचं? तो त्यांनी मांडीला घट्ट दाबून धरला. पोरांच्या रांगा दोन्ही बाजूंना, पुढे व्यासपीठावर विजयश्री मॅडम, त्यांची नजर समोर. हलता येत नव्हतं. चष्म्यावर घाम उतरला होता आणि तो पुसता येत नव्हता. राष्ट्रगीत इतकं मोठं आहे हे मालोजीरावांना ठाऊक नव्हतं.

शेवटचा जयघोष झाला आणि एकच पळापळ उडाली. बस पकडायच्या होत्या, प्रमाणपत्रं घ्यायची होती. मालोजीराव व्यासपीठापाशी पोचले तेव्हा माईकवाला वायर गुंडाळून निघूनही गेला होता. मालोजीरावांनी एकदा त्या रिकाम्या दांड्याकडे पाहिलं. मग ते लोकांकडे वळले, आणि प्रेस मशिनांच्या धडधडीवरून पलीकडच्या माणसाला हाक मारायचा जो आवाज त्यांनी कंपनीत कमावला होता तो लावला.

"थांबा!"

लोक थांबले. दारातले वळले. कोणाच्या तरी हातातली पिशवी पडली.

"इरमच्या पोस्टरवरच्या चार पट्ट्या मी काढल्या! तिला न विचारता काढल्या! खोकं मी लपवलं. गाडी मी फिरवत ठेवली. तिने 'आम्ही काढलं' म्हणून सांगितलं ते मला वाचवायला, आणि मी तिला तसं सांगू दिलं. तेवढं सोडलं तर ती पोरगी सकाळपासून एक शब्द खोटं बोललेली नाही. तिच्या मार्गदर्शकाचं नाव मालोजी शितोळे आणि तो मी."

निशिगंधा मॅडमनी कपाळाला हात लावला. दारात अन्वरभाई किल्ली धरून उभे होते, ते मालोजीरावांकडे बघत राहिले, आणि मग मुलीकडे. विजयश्री मॅडम व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून, मालोजीरावांना ओलांडून, सरळ इरमच्या टेबलापाशी गेल्या. त्यांनी एक गंजलेली पट्टी उचलली. बोटाने पापुद्रा काढला.

"यादी लागलीय, ती बदलत नाही," त्या इरमला म्हणाल्या. "पण हे इथून पुढे तू कसं तपासणार होतीस, ते मला सांग. मला घाई नाही."

इरमने एकदा घसा साफ केला. आणि सांगायला लागली. तिच्या पहिल्याच वाक्यात 'कदाचित' होतं.

मालोजीराव नारळ घेऊन तिथेच उभे होते. लोक त्यांच्या अंगावरून, डावीउजवीकडून, खाली बघत, वाट काढत जात होते. या वेळी टाळी कोणीच वाजवली नाही. सबंध दिवसात मालोजीरावांना त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.